ट्राय करतो, मॅडम

“त्या खोलीत दुपारचं कुणी निजत नाय, बाय,” कोंडाबाई म्हणाली होती. “रातची खोली बरी हाय. दुपारची तिथं बाई बोलते.”

श्रुती तेव्हा गुड्डीच्या वेण्या घालत होती. दातांत रिबीन, हातात कंगवा, आणि मांडीवर चार वर्षांची वळवळणारी मुलगी. “काय बोलते?” तिनं रिबिनीआडूनच विचारलं. ऐकायचं म्हणून नव्हे, कोंडाबाईला वाईट वाटू नये म्हणून.

“नीज म्हनते.”

“अगं, मग चांगलंच आहे की! गुड्डीला पाठवते तिच्याकडे. दुपारची डोळा मिटत नाही ही मेली.”

कोंडाबाई एरवी श्रुतीच्या फालतू विनोदालाही पदर तोंडाला लावून हसायची. त्या दिवशी ती हसली नाही. तिनं गुड्डीच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलाशी बोटं मोडली आणि भांडी घासायला निघून गेली.

ती खोली चेतन बोरसेची होती. बेकरीच्या मागच्या अंगाला, जिना चढून वर, एकटीच. कोंडाबाई त्याच गल्लीत राहायची, म्हणून तिला माहीत. आणि चेतन बोरसे कोण? तर त्यासाठी जुलैतल्या एका चिंब संध्याकाळी, कापडदुकानाच्या अंधाऱ्या जिन्यात जायला हवं.

श्रुतीचे बाबा कोकणातून इथं सिल्वासात सरकारी शाळेवर शिक्षक म्हणून आले होते. निवृत्त होऊन ते देवगडला परतले. श्रुती मात्र सिल्वासातच, टोकरखाड्यात राहिली. नवरा परदेशी गेला, तिकडेच दुसरा संसार थाटून बसला, कागदोपत्री फारकतही होऊन गेली. आता ती आणि गुड्डी. सकाळी एका शाळेत इंग्रजी, संध्याकाळी कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर इंग्रजी संभाषणाचा वर्ग. राखोली-गलोंड्याच्या कारखान्यांतले सुपरवायझर यायचे. दिवसभर मशीनवर ओरडून बसलेले त्यांचे आवाज, आणि त्या आवाजात घाबरत-घाबरत म्हटलेलं “मे आय कम इन”.

त्या संध्याकाळी वीज गेलेली. वर्ग सोडून ती कुलूप लावत होती, तोच जिन्याच्या तळाशी कुणीतरी शिंकलं.

“कोण आहे?” तिचा हात आपोआप पर्समधल्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेला. एकटी बाई अशी सावध असायचीच.

“मॅडम, घाबरू नका. एक शब्द विचारायचा होता.”

मोबाइलच्या उजेडात दिसला तो डोक्यापासून बुटांपर्यंत निथळणारा, सावळा, हडकुळा तरुण. फोन मात्र त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. स्वतःपेक्षा फोनला जास्त जपलेलं पाहून तिला हसू आलं.

“एका शब्दासाठी एवढं भिजून?”

“शब्दानंच भिजवलं ना.” त्यानं पिशवीतूनच फोन पुढे केला. राखोलीच्या सूतकारखान्यातल्या त्याच्या पाळीचा ग्रुप होता. त्यावर त्यानं लिहिलं होतं: ‘आय कमांड ऑल ऑपरेटर्स टु क्लीन द मशीन्स.’ खाली मॅनेजरनं सॅल्यूट ठोकणाऱ्या सैनिकाचं चित्र टाकलं होतं. त्याच्याखाली सगळ्या पाळीनं.

“तेव्हापासून कँटीनवाला बी सॅल्यूट मारून चहा देऊन राहिला,” तो म्हणाला. “माझं चुकलं काय, एवढंच सांगा.”

ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी. मग कठड्याला टेकून तिथंच, अंधारात, शिकवू लागली. “कमांड सैन्यात देतात. तिथं ‘का?’ विचारायची सोय नसते. ऑर्डर म्हणजे अधिकार आहे म्हणून सोडलेला हुकूम. आवाज जरा चढाच. तुम्हाला हवा होता इन्स्ट्रक्ट. काय करायचं आणि कसं करायचं, दोन्ही नीट सांगून काम लावणं.”

“आणि... प्रेमानं सांगायचं असलं तर?”

“ऑपरेटरला?”

“हाव.” क्षणभर थांबून तो म्हणाला, “म्हणजे... ऑपरेटरलाच.”

श्रुतीच्या कानाच्या पाळ्या उगाच गरम झाल्या.

“मराठीत बरं आहे आपलं,” ती घाईघाईनं म्हणाली. “क्रियापद एकच, नुसती शेपटी बदलायची. बस. बसा. बसावं. बस ना. बसतोस का आता!”

“हे शेवटचं कुणाला म्हणता?”

“मुलीला. गुड्डीला.” तिनं ते मुद्दाम स्पष्ट उच्चारलं. ओळख होणाऱ्या प्रत्येक पुरुषासमोर ती हे वाक्य उघड्या छत्रीसारखं मध्ये धरायची. बहुतेक जण छत्रीपाशीच मागे फिरत.

“मग बसते का ती?” चेतननं विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून तो वर्गात यायला लागला.

श्रुतीच्या वर्गात एक शब्द बंद होता: ट्राय. “‘संडेला या घरी’ म्हटलं की तुम्ही काय म्हणता? ‘ट्राय करतो.’ म्हणजे काय? येणार नाही! आपल्या लोकांनी या शब्दाचा पार नकार करून टाकलाय. गोड नकार. म्हणून माझ्याशी बोलताना वापरायचा नाही. जो वापरेल त्यानं गुड्डीला चॉकलेट आणून द्यायचं.”

चॉकलेटं पुष्कळ आली. गलोंड्याचा सुधाकर तर एका तासात चारदा अडकला. चेतन मात्र एकदाही नाही. तरी गुड्डीसाठी चॉकलेट घेऊन तो अधूनमधून घरी यायचा; तिचा तो चेतनकाका झाला होता.

“उद्या लवकर याल?” तिनं विचारलं की तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, “आय शॅल एंडेव्हर, मॅडम.”

“अहो, एंडेव्हर म्हणजे वर्षानुवर्षं नेटानं केलेली खटपट. बस पकडायला एंडेव्हर नाही लागत.”

“बस पकडायला कोण येतं?” इतक्या हळू म्हणायचा तो, की ऐकू आलं नाही असं दाखवता यावं.

“मग अटेम्प्ट म्हणा. अटेम्प्ट एकदाच, ठरवून. फसला तर फसला.”

“नको. फसायचं नाय मला.”

ती फळ्याकडे वळून उगाच पुसलेलाच फळा पुन्हा पुसायची.

एका आठवड्यात त्याची दिवसपाळी असे, दुसऱ्यात रात्रपाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात तो सकाळी येऊन खोलीवर झोपायचा आणि तिथूनच संध्याकाळी वर्गाला यायचा. अशाच एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर तो बाकावर बसूनच राहिला. डोळे जड, गाल तापल्यासारखे लाल.

“बरं नाही का?”

“डोकं दुखतं जरा. छाती धडधडते. घास जात नाय.” मग ओशाळून, “मित्र म्हणतात, ही लक्षणं वेगळीच हायेत.”

श्रुतीनं ओठ दाबून हसू आवरलं. एकोणतीस वर्षांच्या बाईनं एवढं लाजू नये, असं स्वतःला बजावलंही. पण लाजली.

“मॅडम, हसणार नसाल तर एक सांगू? खोलीत बाई बोलते.”

कोंडाबाईचे शब्द तिच्या कानांत खडखडले, आणि तिनं ते तसेच झटकून टाकले. “काय म्हणते?”

“झोप. नुसतं तेवढंच नाय. ‘कुशीवर हो. पाय पोटाशी घे. असं.’ माय लहानपणी सांगायची तसं. पण मायचा आवाज नाय तो.”

“म्हणजे ऑर्डर देत नाही. इन्स्ट्रक्ट करते,” श्रुती म्हणाली. काय करायचं आणि कसं, दोन्ही. तिला स्वतःच्याच हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं.

तोही हसला. त्यांचा तो खेळच झाला. रात्रपाळीचा आठवडा आला की ती विचारायची, “काय म्हणते तुमची बाई?” आणि चेतन शब्द शोधायचा. एकदा म्हणाला, “आज ऑर्डर. मी उठू लागलो, तर म्हणाली, ‘पड.’ अशी म्हणाली की गुडघेच वाकले.” दिवसपाळीच्या आठवड्यात बाई गप्प असायची. रात्रभर तो त्याच खोलीत झोपे आणि कुणी हूं की चूं करत नसे.

“दुपारचीच का बोलते पण?” एकदा श्रुतीनं विचारलं.

“तिला बी पाळी असेल,” चेतन म्हणाला. दोघं हसली. पण हसता हसता त्यानं बाकाची कड घट्ट धरली होती, आणि हात सोडला तेव्हा बोटं थरथरत होती. ते तिनं पाहिलं. आईच्या डोळ्यांतून असलं काही सुटत नाही... फक्त त्या डोळ्यांवर तेव्हा दुसराच काहीतरी पडदा होता. माणूस आपल्यापायी झुरतोय असं वाटायला लागलं, की त्याचं झुरणं गोडच दिसतं.

“इंग्रजीत हुकमाला अजून शब्द हायेत?” त्यानं विचारलं.

“एक आहे. जुना. बिड.”

“टेंडरमध्ये असतं ते?”

“शब्द तोच, अर्थ वेगळा. पूर्वी बिड म्हणजे सांगणं. असतो हुकूमच. पण इतका मऊ, की मोडावासाच वाटत नाही.”

“असं कुणी सांगितलं, तर मी काय बी करीन,” तो म्हणाला.

ऑगस्टमध्ये गुड्डीचा वाढदिवस. त्याच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, चेतन दारात उभा. हातात पिंजरा, त्यावर रुमाल टाकलेला. चेहरा मात्र त्याच रुमालाखाली दडवावासा वाटेल असा.

“वापीहून आणले सकाळी. हिरव्या-पिवळ्या पाखरांचा जोडा. उद्या द्यायचे म्हणून खोलीत ठेवून झोपलो,” तो म्हणाला. “आता उठून पाहतो, तर...”

श्रुतीनं रुमालाचं टोक उचललं. पिंजऱ्याच्या तळाशी दोन पाखरं शेजारी-शेजारी पडली होती. पिसं विस्कटलेली नाहीत, रक्त नाही, चोच उघडी नाही. कुणीतरी हलक्या हातानं निजवावं, तशी.

तिच्या कमरेमागून गुड्डीनं डोकं काढलं. “झोपली?”

“हो, राणी,” श्रुती म्हणाली.

“त्यांना कुणी सांगितलं झोप?”

आत भांडी घासणाऱ्या कोंडाबाईचा हात थांबल्याचं ऐकू आलं.

“ती खोली सोडा,” गुड्डी आत गेल्यावर श्रुती म्हणाली. “मला नाही आवडत ती आता.”

“कंपनीच्या क्वार्टरमध्ये जागा होऊन राहिली. पुढच्या महिन्यात.”

“आजच सोडा.”

“हे काय झालं? कमांड?”

“हो. कमांड.”

त्यानं टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला. तिला हसावं लागलं. तिथंच ती कमांड विरघळली. “आज रात्रपाळी हाय. उद्या गुड्डीचा वाढदिवस झाला की त्याच संध्याकाळी सामान मित्राकडे हलवतो. शब्द.” जिना उतरताना तो दोनदा भिंतीला टेकला.

रात्री श्रुती पुन्हा पुन्हा उठली. गुड्डी तान्ही होती तेव्हापासून तिची एक सवय होती: झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतोय ना ते बघायचं. त्या रात्री ती कितीदा उठली, तिचं तिलाच ठाऊक नाही.

वाढदिवसाच्या दुपारी कॉलनीतली पोरं जमली. भिजट, कोंदट दुपार; वारा नाही, आभाळ खाली आलेलं. केक टेबलावर आला, मेणबत्त्या खोचल्या गेल्या. गुड्डी दारात उभी. “चेतनकाका आल्यावर,” तिनं सगळ्यांना ठणकावलं.

श्रुतीनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुष्कळ वेळानं कुणीतरी उचलला. बोललं मात्र नाही. नुसता श्वास. लांबलचक, सावकाश, पाण्याखालून यावा तसा.

“चेतन? मी, श्रुती. उठलात ना? गुड्डी दारात उभी आहे केव्हाची.”

“मॅडम...” त्याचा आवाज इतका मऊ होता की तिच्या अंगावर काटा आला. “आज ती ऑर्डर नाय देत. आज ती... बिड करून राहिली. छान वाटतं, मॅडम. आपल्यालाच पाहिजे होतं असं वाटतं.”

“चेष्टा नको हं. उठा बघू. दार उघडा, बाहेर गॅलरीत या. मी फोनवरच आहे. उठताय ना?”

दूर कुठेतरी लोखंडी पत्रा तापल्यावर वाजतो तसा टण्... टण्... आवाज.

“ट्राय करतो, मॅडम,” चेतन म्हणाला.

तिच्या हातातली काडेपेटी खाली पडली.

एवढ्या आठवड्यांत एकदाही त्यानं हा शब्द उच्चारला नव्हता. थट्टेतसुद्धा. सुधाकर मुद्दाम त्याला खिंडीत गाठायचा, तरी नाही. या माणसाला ठाऊक होतं की तिच्यासमोर या शब्दाचा अर्थ एकच: येणार नाही. आणि तोच शब्द आता, इतक्या गोडीनं, इतक्या आज्ञाधारकपणे...

“चेतन!” पलीकडे फोन कशावर तरी आपटला. मग फक्त ते टण्-टण्.

कोंडाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “खोली?” तिनं एवढंच विचारलं. श्रुतीनं मान हलवली. “जा. पोर माझ्याकडं.”

श्रुती चपलांत पाय सरकवत होती, तोच गुड्डीनं तिची ओढणी धरली. “काका झोपला? त्या पाखरांसारखा?”

श्रुतीनं फोन तसाच टेबलावर टाकला, ओढणी सोडवून घेतली आणि धावली.

पावसाची बारीक झिमझिम. ॲक्टिव्हाच्या आरशावर थेंब. नाक्यावर ट्रक आडवा उभा, पुढे रिक्षा, मागे हॉर्न. हेल्मेटच्या आत तिचाच श्वास तिला मोठ्यानं ऐकू येत होता, आणि त्या श्वासातून शब्द निघत होते. तिनं ठरवलेले नव्हते, तिचे होते हेही तिला कळत नव्हतं. “ऊठ. ऊठ रे, चेतन. माझं ऐक... दार उघड. ऊठ ना रे.” काचेवर वाफ धरली. ट्रक हलला.

बेकरीपाशी गाडी तिनं स्टँडला न लावता तशीच भिंतीवर ढकलली. भट्टी पेटलेली होती. संध्याकाळच्या पावाचा खरपूस, आंबूस वास गल्लीभर. इतका घरगुती, इतका भरवशाचा वास. बेकरीवाले शेठ गल्ल्यावरून ओरडले, “अरे बेन, शू थयुं? काय झाला?”

“वर या! लवकर!”

जिना संपला. ही एकच खोली, हे एकच दार. दार ठोठावायला तिनं मूठ उगारली... आणि दार नुसत्या वाऱ्यानं हलावं तसं आत सरकलं. कडी काढलेली होती. आत, दाराजवळच्या भिंतीला लागून चेतन पालथा पडला होता; एक हात उंबऱ्यापर्यंत पोचलेला.

आत अंधार. झरोक्याला त्यानं सुताच्या पेटीचा पुठ्ठा ठोकलेला, दुपारचा उजेड येऊ नये म्हणून. खोलीत कुणी नव्हतं. धूर नव्हता, वास नव्हता. तरी त्या अंधाराकडे पाहताना श्रुतीला क्षणभर वाटलं, आत जावं. दोन मिनिटं टेकावं. किती दमलोय आपण... किती वर्षांच्या जागरणांचं...

शेठचे पाय जिन्यावर धपधपले आणि ती भानावर आली. दोघांनी त्याला काखेत धरून गॅलरीच्या टोकाला, उघड्या पावसात ओढलं. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. नाकाखाली बोट धरलं.

काही नाही.

पावसाचा थेंब त्याच्या पापणीवर पडला, गालावर उतरला. गाल अजून लालच. “नाही हं,” ती म्हणाली, “नाही, असं नाही चालणार.” आणि मग बोटाला काहीतरी लागलं. अगदी पुसट, ऊबदार. गेलं. पुन्हा लागलं.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बेकरीची भट्टी दुपारी पेटते. धुराडं खोलीच्या भिंतीतूनच वर जातं. पाऊस आत पडू नये म्हणून शेठनं धुराड्यावर पत्रा टाकलेला. आणि कपाटामागे भिंतीला बोट जाईल एवढी चीर.

“कार्बन मोनॉक्साइड,” त्या म्हणाल्या. “कोळसा नीट जळला नाही की तयार होतो. रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, धडधडतं, भूक जाते, माणूस गुंगतो. काहींना भास होतात, आवाज ऐकू येतात. मग झोप. बहुतेकांना कळतही नाही की आपण मरतोय. त्याला झोप म्हणाली ना ती बाई? ती बाई म्हणजे हा वायू.”

श्रुती ऐकत होती. डोकं दुखतं, धडधडतं, घास जात नाही. हीच लक्षणं जपून ठेवत ती कितीतरी संध्याकाळी घरी गेली होती, रात्री उशाशी घेऊन झोपली होती. तिला रडू आलं, आणि रडताना स्वतःचं थोडं हसूही.

तिसऱ्या दिवशी चेतनचे डोळे स्वच्छ उघडे होते. नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क. तो बाजूला सारून त्यानं बोलायला तोंड उघडलं.

“लावा तो आधी,” ती म्हणाली.

“एकच विचारतो. मग लावतो.” आवाज घोगरा, पण त्याचाच. “आता बरा झालो. आता डोकं दुखत नाय. घास जातो. भास बी गेले.”

“हो का?” म्हणजे ते सगळं वायूचंच होतं. ती पर्स उचलू लागली. “छान झालं. कोंडाबाईला सांगते. मुगाची खिचडी...”

“धडधड राहिली तेवढी,” चेतन म्हणाला. “ती नाय गेली. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ही आमच्या खात्यातली नाय.”

पर्स जिथल्या तिथं राहिली.

“आणि तुम्ही मला अरे-तुरे केलं,” तो पुढे म्हणाला.

“केव्हा? गॅलरीत? मला नाही आठवत. घाबरले होते मी.”

“गॅलरीत नाय. त्याच्या आधी, आत. मी चटईवर होतो. ती बाई सांगून राहिली होती, नीज म्हणून. मी निजून राहिलो होतो. तेवढ्यात तुम्ही बोललात. एकदम कानापाशी. ‘ऊठ रे, चेतन. माझं ऐक. दार उघड. ऊठ ना रे.’ म्हणून तर सरपटत गेलो. कडी काढली.”

वॉर्डात बाहेरचा पाऊस ऐकू येत होता. फोनवर श्रुती त्याला ‘उठा’ म्हणाली होती, ‘उघडा’ म्हणाली होती. ‘ऊठ रे’ तिनं म्हटलं ते नाक्यावर, ट्रकच्या मागे, हेल्मेटच्या आत... काचेवर वाफ धरली, तेवढाच त्याचा पुरावा. तिनं जिना चढून मूठ उगारली, तेव्हा कडी आधीच निघालेली होती.

त्यानं ते डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, शुद्ध हरपताना वेळेची सरमिसळ होते. असेल. त्या शिकलेल्या होत्या. श्रुतीही शिकलेली होती.

तिनं खुर्ची जरा पुढे ओढली, इतकंच.

“पुन्हा म्हणा ना,” चेतन म्हणाला.

“काय?”

“काय बी. पण शेवटी ‘रे’ लावून.”

इंग्रजीतले सगळे हुकूम तिच्या मनातून एकेक करून गेले, आणि त्यांतला एकही पुरा पडेना. मग तिनं हात पुढे केला, त्याच्या गालावरून मास्क सारखा केला, दोरी कानामागे अडकवली, आणि बोटं तिथंच राहू दिली.

“श्वास घे रे,” ती म्हणाली.

त्यानं घेतला. आणि मास्कच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर दाटून वाफ धरली.

दिवाळीनंतर त्यांनी नोंदणी लग्न केलं. शेठनं धुराडं उंचावलं, पत्रा काढला, चीर बुजवली, आणि कुणी न सांगता खोलीच्या झरोक्याला जाळी लावून तो कायमचा उघडा ठेवला. पण गावात ती एकच खोली नाही. राखोलीच्या रस्त्याला कारखाने वाढतायत, तशा भट्ट्यांच्या पाठीला पाठ लावून खोल्या उठतायत, आणि रात्रभर मशीनवर उभी राहून आलेली पोरं-पोरी भर दुपारी खिडक्यांना पुठ्ठे लावून तिथं निजतायत. श्रुती येता-जाता त्या बंद खिडक्यांकडे पाहते. कधी कधी गाडी थांबवते. कुणाचं काही ऐकू येतं का, म्हणून कान देते.

तुमच्याही ओळखीचं असं कुणीतरी असेल. एकटं राहणारं, बंद खोलीत, गॅसच्या गीझरपाशी, शेगडीपाशी, भट्टीच्या भिंतीपाशी झोपणारं. अलीकडे डोकं दुखतं म्हणणारं, आणि तुम्ही चिडवलंत म्हणून लाजून गप्प बसलेलं. हे वाचून झालं की त्याला फोन करा. उचलला, तर खिडकी उघडायला लावा. खिडकी उघडल्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐका. नाही उचलला... तर निरोप ठेवून वाट बघत बसू नका. चपला घाला, आणि जा.